जुन्या मोटारीच्या नाड्या

मोटार म्हटली म्हणजे तिच्या इंजिनाची चर्चा करणारे पुष्कळ भेटतात. रंगाची आणि गाद्यांची चर्चा करणारे तर त्याहूनहि पुष्कळ. परंतु त्या मोटारीच्या पोटांतून, पायतळीच्या गालिच्याखालून आणि पत्र्याच्या आडून ज्या तारा धांवत असतात त्यांची वास्तपुस्त सहसा कोणी करीत नाहीं. दिवा लागला, भोंगा वाजला, कांच पुसणारा दांडा हलला, कीं आपलें समाधान होतें. या तारांच्या जुडग्यास कारागीर लोक 'वायरिंग' किंवा 'हार्नेस' म्हणतात. हार्नेस म्हणजे मूळचा घोड्याचा साज. आम्हांस त्याहून आपल्या वैद्यांचा 'नाडी' हा शब्द अधिक जवळचा वाटतो. कारण देह थकला म्हणजे रोग जसा नाडींत प्रथम कळतो, तशीच जुन्या मोटारीची गोष्ट आहे.

आमच्या परभणी जिल्ह्यांत जीं जुनीं लहान वाहनें अजून दारोदार दिसतात, त्यांत मारुति ८०० हिचा मान पहिला. १४ डिसेंबर १९८३ रोजीं इंदिरा गांधी यांनीं पहिल्या गाडीच्या किल्ल्या मालकाच्या हातीं दिल्या, आणि जानेवारी २०१४ मध्यें तिचें उत्पादन थांबलें. या तीस वर्षांत पंचवीस लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. (लहान मोटारीचें स्वप्न त्यापूर्वीं आपल्याकडे कोणीं पाहिलें नव्हतें असें नाहीं. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनीं 'मीरा' नांवाची लहान मोटार स्वतःच्या बुद्धीनें घडविली होती. पण ती लोकांच्या दारांत येऊन उभी राहण्याचा योग आला नाहीं.) मागचें दार वर उघडणारी, तीन नळकांड्यांची, ७९६ घन सेंटिमीटरांची ही गाडी मध्यम स्थितींतल्या कुटुंबांनीं हौसेनें घेतली, आणि आतां त्यांचीं मुलें ती हौसेनें सुधारूं लागलीं आहेत.

आमच्या कनिष्ठ बंधूंनीं १९९४ सालीं अशी एक गाडी घेतली होती. बंधू आतां नाहींत. गाडी त्यांच्या मुलाकडे आली. हा आमचा पुतण्या सेलूस शास्त्र विषय शिकवितो. जुनें कार्ब्युरेटरचें इंजिन थकलें, तेव्हां त्यानें त्याच जातीचें, परंतु पुढील काळांतलें, पिचकारीनें पेट्रोल सोडणारें इंजिन रीतसर परवानगी काढून बसविलें. इंजिन उत्तम बसलें. तारांचें काम मात्र ज्या कारागिरावर सोंपविलें, त्यानें जुन्या जुडग्यांत जागोजाग चिरा देऊन नव्या तारा पिळल्या, वर काळी पट्टी गुंडाळली, आणि दिव्यांची व भोंग्याची तार फ्यूजवांचून थेट बॅटरीस जोडून दिली. वैशाखांत एके दुपारीं जिंतूरच्या रस्त्यावर पुढील फळीखालून धूर येऊं लागला. गाडींत पुतण्याची पत्नी आणि दोन वर्षांची मुलगी होती. गाडीचीं दारें हातानें उघडावयाचीं होतीं म्हणून त्या दोघी त्वरित बाहेर पडूं शकल्या; पुतण्यानें पान्यानें बॅटरीची तार सोडविली आणि अनर्थ टळला. आंत हातभर लांब तार वितळून कोळसा झाली होती.

घरांत दोन पक्ष पडले. गाडी मोडींत द्यावी असें एकाचें मत. ती वडिलांची आठवण आहे असें दुसऱ्याचें. आमच्या वहिनींनीं निकाल दिला तो असा: "गाडी माझ्या दारांतून जाणार नाहीं, पण माझी नात तींत बसणार नाहीं." पुतण्यानें यावर वाद घातला नाहीं. त्यानें जुनें जुडगें सबंध काढून टाकलें आणि नवें स्वतः बांधावयाचें ठरविलें.

येथें वाचकांस एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. मोटारींत अवघे १२ व्होल्ट, मग भय कसलें, असा समज सुशिक्षित घरांतहि आढळतो. तो उलटा आहे. ६० वॅटचा दिवा घरीं २३० व्होल्टांवर सुमारें पाव अँपियर प्रवाह घेतो; तोच दिवा मोटारींत ५ अँपियर घेतो. बारा व्होल्टांनीं हातास झटका बसत नाहीं हें खरें, परंतु तार तापते ती प्रवाहामुळें. आणि तार पत्र्यास उघडी लागली तर बॅटरी क्षणांत शेंकडों अँपियर ओतूं शकते. म्हणून फ्यूज हा दिव्याच्या रक्षणासाठीं नसून तारेच्या रक्षणासाठीं असतो, आणि त्याची जागा बॅटरीच्या जितकी जवळ तितकी बरी. तांबडा १० अँपियरचा, निळा १५ चा, पिंवळा २० चा, हिरवा ३० चा, हे रंग ठरलेले आहेत. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्याच्या जागीं मोठा बसविणारा मनुष्य रोग्यास ताप येतो म्हणून उष्णतामापक फोडणाऱ्याइतकाच शहाणा समजावा.

पुतण्यानें प्रथम कागद घेतला. गाडींत वीज खाणारीं जितकीं स्थानें तितक्या ओळी, आणि प्रत्येकीपुढें प्रवाह, अंतर व तारेची जाडी. पुढील दोन दिवे मिळून १० अँपियर. पेट्रोलचा विजेवर चालणारा पंप चार-पांच अँपियर. तांब्याची १ चौरस मिलिमीटर जाडीची ४ मीटर तार १० अँपियर प्रवाहांत सुमारें ०.७ व्होल्ट स्वतःच गिळते, तीच २.५ चौरस मिलिमीटर घेतली तर ०.३ व्होल्टांच्या आंत भागतें. जुन्या गाडींत बॅटरीपाशीं १२.६ व्होल्ट असतां दिव्यापाशीं ११ च भरले. हा फरक लहान वाटतो; पण दिव्याचा उजेड व्होल्टांच्या मानानें फार झपाट्यानें घटतो, आणि एवढ्या घटीनें उजेडाचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग नाहींसा होतो. रात्रीं दिवे मंद म्हणून लोक मोठे दिवे बसवितात, तारा त्याच ठेवितात, आणि त्या अधिकच तापतात.

यावर उपाय रिलेचा. चालकाच्या हातची कळ केवळ खूण करते. प्रत्यक्ष प्रवाह रिले जोडतो. शाळेंत हेडमास्तर स्वतः घंटा बडवीत नाहींत, शिपायाकडे पाहतात, तसेंच हें. रिलेच्या पायांवर ३०, ८५, ८६, ८७ असे जर्मन पद्धतीचे अंक असतात: ३० वर बॅटरीकडील तार, ८७ वरून दिव्याकडे जाणारी, आणि ८५-८६ ही खुणेची जोडी. आरंभीं हे अंक आम्हांस विचित्र वाटले. पण वैयाकरणांच्या संज्ञांप्रमाणें एकदां पाठ झाले म्हणजे फार शब्द वांचतात.

पेट्रोलच्या पंपाची गोष्ट याहून नाजूक आहे. जुन्या इंजिनांत पंप इंजिनाच्याच बळानें चाले. इंजिन थांबलें कीं तोहि थांबे. नवा पंप विजेचा. तो किल्लीस थेट जोडला तर अपघातांत इंजिन बंद पडून नळी फुटली तरी तो पेट्रोल ओततच राहील! म्हणून त्याचा रिले इंजिनाच्या नियंत्रक पेटीकडून चालावा लागतो; इंजिन फिरत असल्याची खूण बंद झाली कीं पेटी पंप तोडते. आधींच्या कारागिरानें तो किल्लीस जोडला होता. धुराहून या गोष्टीनेंच आमच्या अंगावर अधिक कांटा आला.

मग तारांची लांबी. पुतण्यानें प्रत्येक तारेच्या जागीं आधीं सुतळी टाकली. वळणें, फांटे, सैलपणा सारें सुतळीवर ठरवून गांठी मारल्या. तें पाहतां आम्हांस शुल्बसूत्रांची आठवण झाली. यज्ञवेदी मोजावयाची दोरी तें शुल्ब; आणि अमरकोशांत हाच शब्द तांबें या अर्थींहि आहे. दोरीनें मोजून तांबें ओढण्याच्या या उद्योगास याहून समर्पक शब्द कोठून आणावा? पुतण्या हंसला, पण त्याच्या वहीवर तेंच नांव आहे. सुतळ्या नंतर प्लायवुडाच्या सहा फुटी फळीवर खिळे ठोकून जशाच्या तशा मांडल्या, आणि त्यांच्यावरून तारा ओढल्या. ही फळी तीन आठवडे आमच्या माजघरांत उभी होती. तिजविषयीं घरांतून जें ऐकावें लागलें तें येथें लिहीत नाहीं. तारांच्या दोन्ही टोकांस अंकांच्या चिठ्ठ्या लावण्याचें काम आमच्याकडे होतें. अक्षर बरें म्हणून.

तारेचें टोक आणि पितळी लग यांचा सांधा डाख देऊन करावा कीं दाबून, यावर दुकानांत मतभेद आहेत. डाखानें तारेचे पदर घट्ट होतात, आणि जेथें डाख संपतो तेथेंच हादऱ्यांनीं तार तुटते. आमच्या जिल्ह्यांतील रस्त्यांवर तर लवकर तुटते. म्हणून चांगल्या चिमट्यानें दाबलेला सांधा श्रेष्ठ. प्रत्येक सांधा पुतण्यानें हातानें ओढून पाहिला. सुटला तो पुन्हां केला. नियंत्रक पेटीकडे येणाऱ्या खुणेच्या तारा अगदीं क्षीण प्रवाहाच्या असतात. त्या ठिणगीच्या तारांपासून दूर नेल्या आणि त्यांची जमीन निराळी ठेविली. इतर तारांची जमीन म्हणजे गाडीचा पत्राच. तेथें रंग खरवडून, दांतेरी वायसर घालून बोल्ट आवळला, आणि वर ग्रीस लावलें. काळ्या मातीचा चिखल सुकून बसला म्हणजे तेथें गंज धरतो, आणि मग डावा दिवा लावतां उजवा मिणमिणतो.

परभणीचा उन्हाळा ४४-४५ अंशांचा. त्या आंचेनें साधी काळी पट्टी पाघळून तिचा डिंक होतो आणि तारांवरील जुनें आवरण कडक होऊन तडकतें. म्हणून आंतल्या भागांत कापडी पट्टी आणि इंजिनाजवळ वळ्यावळ्यांची नळी वापरली. पत्र्याच्या भोंकांतून जुडगें जातें तेथें रबरी कडें घातलें; तें नसेल तर पत्र्याची धार हादऱ्यांनीं तार कापते. दुसरा शत्रु उंदीर. शेतांतील पीक निघालें कीं तो घराकडे येतो आणि उबेसाठीं इंजिनाशेजारीं बिऱ्हाड करतो. त्याजवर पुतण्यानें मुख्य जुडग्यास बारीक तारेची जाळी गुंडाळली आहे. ती किती टिकते हें पाहावयाचें आहे.

हें सर्व आजहि हातानेंच होतें, याचें आम्हांस नवल वाटलें. लोखंडी पत्रा यंत्रमानव जोडतो, पण लवलवणारी तार त्याच्या हातीं नीट राहत नाहीं. १९८६ मध्यें मदरसन कंपनीनें जपानच्या सुमितोमोशीं भागी करून आपल्याकडे हा उद्योग वाढविला, तोहि हातांच्याच बळावर. आणि २०२२ मध्यें युद्धामुळें युक्रेनमधील असे कारखाने अडले, तेव्हां फोक्सवागेन आणि बीएमडब्ल्यू यांच्या जर्मनींतील कारखान्यांस काम थांबवावें लागलें.

कायद्याविषयीं थोडें. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणें नोंदणीपत्रांतील वर्णनाहून भिन्न ठरेल असा फेरफार मालकास परस्पर करतां येत नाहीं. इंजिन बदलावयाचें तर परवानगी आणि नोंद दोन्ही हवींत. नाहींतर विम्याच्या वेळीं तोंडघशीं पडण्याचा प्रसंग येतो. पंधरा वर्षांनंतर दर पांच वर्षांनीं नोंदणीचें नूतनीकरण असतेंच. त्या तपासणीस आमची एमएच-२२ यंदा जाऊन आली.

त्यापूर्वींची परीक्षा घरीं झाली. प्रत्येक तार मीटरनें दोन्ही टोकांस मोजली. मग बॅटरी थेट न जोडतां मध्यें २१ वॅटचा एक दिवा घातला. आंत कोठें पत्र्यास तार लागली असेल तर तो दिवा प्रखर पेटतो, आणि प्रवाह दोन अँपियरच्या आंतच अडून राहतो. दिवा पेटला नाहीं. मग एकेक फ्यूज बसवीत गेलें. वहिनी ओट्यावर बसून हें पाहत होत्या. "हा दिवा न लागला तर चांगलें, असें कां?" म्हणून त्यांनीं विचारलें, पुतण्यानें समजावून सांगितलें, त्यांनीं पुन्हां विचारलें. दुसऱ्या आठवड्यांत त्या प्रथम एकट्याच गाडींत बसून गंगाखेडास जनाबाईच्या दर्शनास गेल्या. नात त्यानंतरच्या खेपेस गेली.

तारांचा नकाशा रंग, अंक आणि जाडीसह तीन प्रतींत काढला आहे: एक गाडीच्या खणांत मेणकापडांत, एक पुतण्याच्या वहींत, एक आमच्या कपाटांत. मागल्या दाराच्या बिजागरीपाशीं तारा दर वेळीं वांकतात, आणि तेथील एक तार आतांच कुरबुर करूं लागली आहे. तेथें अधिक पदरांची मऊ तार घालावयाची असून ती हैदराबादेहून येण्याची आहे.