लिस्बनहून : दोघांचं ताट

जेवणाविषयी सावंतवाडीहून मला विचारणा होते ती दोनच बाबतींत: मासे कसे असतात आणि बिल किती होतं. दोन्हींची उत्तरं थोडक्यात देता येतात. युरोपीय संघात माणशी सर्वांत जास्त मासे पोर्तुगालमध्ये खाल्ले जातात. जूनच्या सुमारास सार्डिन, म्हणजे आपल्या पेडव्यांच्या कुळातला मासा, नुसत्या जाड मिठात कोळशावर भाजून मिळतो. तिखट नाही, कोकम नाही, तिरफळ नाही, आणि तरीही चांगला लागतो. देशाचा सगळ्यांत लाडका मासा मात्र खारवलेला कॉड, इथला बाकाल्याव, आणि तो मुख्यतः नॉर्वेहून येतो. बिलाचं म्हणाल तर साध्या तास्कामध्ये, म्हणजे गल्लीतल्या घरगुती खानावळीत, दुपारच्या जेवणाला माणशी दहा युरोंच्या आसपास, आपले हजारभर रुपये पडतात. २०२५ मध्ये इथलं किमान वेतन महिना ८७० युरो होतं, हे लक्षात घेतलं तर कामगार माणसाला ते काही किरकोळ नाही. तिसरा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो: त्या टेबलाशी बसतं कोण?

आपल्याकडे समज असा की युरोपात नवरा-बायकोने बाहेर जेवायला जाणं म्हणजे मेणबत्त्या, वाईनचे उंच पेले आणि लग्नाचा वाढदिवस. तसली ठिकाणं लिस्बनमध्येही आहेत, पण त्यांवरून हा देश कळत नाही. तो कळतो साध्या वारी, दुपारी एकच्या सुमाराला, कागद अंथरलेल्या टेबलांवरून. तिथे जवळच्या दुकानातले नोकर असतात, रंगकाम करणारे असतात, आणि त्यांच्याच शेजारी सत्तरीतली जोडपी असतात. ती काही साजरं करायला आलेली नसतात. घरी चूल पेटवण्याऐवजी इथे आलेली असतात, एवढंच. दारावर त्या दिवशीचे दोन-तीन पदार्थ लिहिलेले असतात. कोझिदु, म्हणजे मांस, कोबी, गाजर, बटाटे असं सगळं एकत्र उकडलेलं भरभक्कम जेवण, बऱ्याच ठिकाणी आठवड्यातल्या ठरावीक वारीच होतं आणि गिऱ्हाइकांना तो वार पाठ असतो. म्हणजे या माणसांनी घरचं जेवण सोडलेलं नाही. त्यांच्या घरात जे शिजलं असतं तेच दुसऱ्या कुणीतरी, मोबदला घेऊन, शिजवलेलं आहे.

यात भावनेपेक्षा व्यवस्थेचा भाग मोठा आहे, आणि ती व्यवस्था मेनूकार्डावर उघड दिसते. अशा पुष्कळ ठिकाणी एका पदार्थापुढे दोन किमती असतात, एक पूर्ण मापाची आणि एक अर्ध्या. पूर्ण माप बहुधा दोघांना पुरतं, अर्धं एकट्याला. शिंपल्या-कोळंबीचा रसदार भात किंवा तांब्याच्या झाकणाच्या भांड्यात वाफवलेली मासळी, यांच्यापुढे तर सरळ ‘दोन माणसांसाठी’ असंच छापलेलं असतं. भांडं मधोमध येतं आणि दोघं त्यातून वाढून घेतात. म्हणजे या देशाच्या स्वयंपाकघराने गिऱ्हाईक म्हणून जो हिशेब धरला आहे त्यात जोडपं आधीपासूनच आहे. कायदाही गिऱ्हाइकाच्या बाजूचा आहे. बसल्या बसल्या समोर पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात, ते फुकट नसतं. पण न मागितलेल्या आणि न खाल्लेल्या वस्तूचे पैसे लावता येत नाहीत, असं २०१५च्या कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. छापील किमतीत कर धरलेला असतो. प्रत्येक ठिकाणी तक्रारवही ठेवावीच लागते आणि ती मागितली की द्यावीच लागते. आपल्याकडे सेवाशुल्क सक्तीने लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये सांगितलं, त्यावर कोर्टात वाद झाला आणि दिल्ली उच्च न्यायालयाने ते २०२५ मध्ये उचलून धरलं. त्यामुळे या बाबतीत आपण फार मागे आहोत असं मी म्हणणार नाही. मागे आहोत ते मापाच्या बाबतीत.

आपली थाळी एका माणसाची आहे. एक तुकडा तळलेला, एक वाटी तिकल्याची किंवा सुक्याची, एक वाटी कढी, भात, चपात्या, सोलकढी. दोघं गेली की दोन थाळ्या, आणि ‘एका थाळीत दोघांनी जेवू नये’ अशी पाटी भिंतीवर. या पाटीचा मला राग येतो, पण ती लावणाऱ्याचा येत नाही. भात आणि कढी हवी तेवढी वाढायची तर थाळी माणशी मोजावीच लागणार. पण मग विचारायला हवं, की आपल्याकडचं बाहेरचं जेवण माणशी मोजण्याची रीत आली कुठून? माझ्या मते ती आली गिरणगावातून. सावंतवाडी, कुडाळ, मालवण, वेंगुर्ले इथला पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गिरणीत गेला आणि बायको गावी राहिली. परळ-लालबागच्या चाळींत एका खोलीत पाळ्यापाळ्यांनी झोपणाऱ्या या पुरुषांना महिन्याच्या हिशेबावर दोन वेळचं जेवण घातलं ते खानावळवाल्या बायकांनी. त्या सावकाराच्या कर्जात बुडालेल्या असत. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकांच्या कर्जाची वाट मोकळी करून दिली. प्रेमाताई मूळच्या गोव्याच्या, पोर्तुगिजांविरुद्धच्या मुक्तिलढ्यातल्या. खानावळ चालवणाऱ्या बाईलाही पत असते, हे त्यांनी दाखवून दिलं. पण खानावळीत जेवायला बसणारा मात्र एकटा पुरुषच राहिला. ज्या जोडप्याची ताटातूट झाली होती त्याच्यातल्या अर्ध्याच माणसासाठी आपली खानावळ जन्माला आली, आणि १९८२च्या संपानंतर गिरण्या गेल्या तरी तिचं माप बदललं नाही.

दुसरं गिऱ्हाईक नंतर आलं, ते पर्यटक. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, कोकण रेल्वेने सावंतवाडी रोडला माणसं उतरवली, रस्ते रुंदावले, आणि थाळी पुण्या-मुंबईच्या पाहुण्याच्या अपेक्षेप्रमाणे ठरत गेली. त्याला सुरमई आणि पापलेट माहीत, म्हणून बोर्डावर सुरमई आणि पापलेट. कोंबडी-वडे हवेत, म्हणून बारा महिने कोंबडी-वडे. काळ्या वाटाण्याचं सांबारं, खतखतं, कुळथाची पिठी, शिरवाळे, फणसाची कुयरी, सुक्या बांगड्याची किसमूर, हे आपलं खरं रोजचं आणि सणाचं जेवण. ते घराबाहेर क्वचितच मिळतं, कारण ते मागणारा स्थानिक माणूस तिथे बसत नाही. स्थानिक पुरुष सकाळी उसळ-पाव आणि भजीला हॉटेलात जातो. स्थानिक बाई बाजारातून पिशव्या भरून परत जाते आणि घरी जाऊन भात टाकते. आणि ती आलीच, तर तिच्यासाठी ‘फॅमिली रूम’ आहे: पडद्याआडची किंवा लाकडी फळ्यांची खोली, जिथे सावंतवाडीचा मोती तलाव दिसत नाही आणि वाराही येत नाही. महाराष्ट्रभर तालुक्याच्या गावांत ही खोली आहे आणि ती बाईच्या सोयीसाठी आहे असं आपण समजतो. ती खरं तर एक कबुली आहे, की बाहेरची मोकळी खोली पुरुषांची आहे आणि तिथे बाईला स्वस्थ बसता येणार नाही, हे आपण मान्य केलेलं आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: ते युरोप आहे, तिथे बायका आधीपासून मोकळ्या. हे पोर्तुगालच्या बाबतीत साफ खोटं आहे. हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत विवाहित बाईला परदेशी जायला नवऱ्याची परवानगी लागे आणि ती अट १९६९ मध्ये सुटली. १९६६च्या नागरी कायद्यात नवरा कुटुंबाचा प्रमुख होता. ते कलम २५ एप्रिल १९७४च्या क्रांतीनंतर, नव्या संविधानाला धरून १९७७ मध्ये गेलं. तास्का ही मुळात पुरुषांनी वाईन प्यायची जागा. आणि ताटातूट म्हणाल तर ती इथेही झाली. साठच्या दशकात लाखो पुरुष, पुष्कळसे चोरवाटांनी, फ्रान्सला बांधकामांवर गेले आणि उत्तरेकडच्या गावांत बायका शेतं सांभाळत राहिल्या. आपल्या चाकरमान्यांच्या घरांची हीच कहाणी होती. म्हणजे सुरुवात दोघांची सारखीच. फरक पुढच्या पन्नास वर्षांत पडला: बायका मोठ्या संख्येने नोकरीला लागल्या, दुपारचं जेवण कामाच्या जागेजवळ घेणं त्यांनाही गरजेचं झालं, आणि तास्काला आपलं माप आणि वागणूक बदलावी लागली. सावंतवाडीतही शाळांत, बँकांत, दवाखान्यांत, कचेऱ्यांत बायका कमी नाहीत. डबा मात्र त्याच पहाटे उठून भरतात, स्वतःचाही आणि नवऱ्याचाही.

दुसरा आक्षेप माझ्या ओळखीच्या प्रत्येक मालवणी माणसाचा आहे: घरच्या निस्त्याची चव हॉटेलला नाही, मग पैसे घालवा कशाला? चवीचं मला मान्य आहे. ताजं वाटप, त्याच दिवशी बाजारातून आणलेली मासळी आणि घरचा हात याला तोड नाही. पण या वाक्यात घरच्या कष्टाची किंमत शून्य धरलेली आहे. मासे साफ करणं, नारळ खवणं, वाटणं, आणि सगळ्यांची पानं उठल्यावर शेवटी बसणं, हे सगळं ज्या हातांनी होतं त्यांना विचारून ती किंमत ठरवलेली नाही. आणि जिथे गावचं माणूस जेवतच नाही तिथे चव सुधारणार कशी? पर्यटक उद्या निघून जातो, तो तक्रार करून परत येत नाही. शेजारच्या आळीतली बाई तिकल्यात तिरफळ कमी पडलं हे तोंडावर सांगेल आणि पुढच्या आठवड्यात ते नीट झालं का हे बघायला परत येईल. इथल्या तास्काचा स्वयंपाक टिकला आहे तो या रोजच्या गिऱ्हाइकांच्या धाकावर.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. घरातली बाई सुटली तर कष्ट खानावळीतल्या बाईवर जातात, त्यात मिळवलं काय? पुष्कळ तास्का नवरा-बायको मिळून चालवतात, आणि आत चुलीशी बहुधा बायकोच असते, हे खरंच आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या घरगुती खानावळींतही तसंच. पण खानावळीत त्या कामाला भाव आहे, वेळ आहे आणि सुट्टी आहे. लिस्बनमधल्या बऱ्याच घरगुती खानावळी दुपारी तीनला स्वयंपाकघर बंद करतात, संध्याकाळी सात-साडेसातला पुन्हा उघडतात आणि आठवड्यातून एक दिवस, अनेकदा रविवारी, कुलूप लावतात. प्रवाशाची गैरसोय होते आणि ती करायला ते कचरत नाहीत. घरातल्या चुलीला असा बंद दिवस नाही. प्रेमाताईंनी गिरणगावात जे ओळखलं ते हेच होतं, की रांधण्याचं काम पैशांत मोजलं गेलं की ते करणारीला बँकही दारात उभी करते.

लिस्बनचं सगळंच घ्यावं असं मात्र नाही. २०१२च्या भाडे कायद्यानंतर जुन्या भाडेकरूंना काढणं सोपं झालं, पर्यटक वाढले, आणि मध्यवस्तीतल्या अनेक जुन्या तास्का बंद पडून त्यांच्या जागी फोटोंची मेनूकार्डं आली. महापालिकेला ऐतिहासिक दुकानं जपण्यासाठी वेगळी योजना काढावी लागली. जिथे गावकऱ्यांचं जेवण गेलं तिथे आधी माप गेलं, मग वाराचा पदार्थ गेला, आणि शेवटी चव गेली. सावंतवाडीच्या उभा बाजारातल्या आणि तलावाकाठच्या मंडळींनी हे आत्ताच बघून ठेवावं, कारण आपल्याकडे अजून वेळ गेलेली नाही.

करायचं ते फार खर्चाचं नाही. थाळी राहू द्या, पण तिच्या जोडीला सुटं माप ठेवा: कढीचं एक भांडं, तळलेले चार बांगडे, दोघांचा भात. जून-जुलैत यांत्रिक नौका बंद असतात आणि पर्यटकही रोडावतात. तेव्हा सुक्या मासळीचं आणि कुळथाचं जेवण गावासाठी लावा. शिवराक जेवणाच्या सोमवारी खानावळी ओस पडतात. त्या दिवशी काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे ठरवून टाका, म्हणजे तो वार लोकांच्या तोंडी बसेल. फॅमिली रूमच्या फळ्या काढा. आणि सुरुवात आठवडा बाजाराच्या दिवशी करा. माजगाव, इन्सुली, दाणोलीकडची जोडपी एसटीने येतात, दोघंही बाजार करतात, दोघंही दमतात, आणि परतीच्या गाडीला बहुधा तासभर तरी असतो.