खोकलं की लघवी सुटते, अंग खाली आल्यासारखं वाटतं: त्यावर व्यायाम आहे



गटाच्या बैठकीत आरोग्याचा विषय निघाला की आधी कंबर निघते, मग गुडघे, मग बीपी-शुगर. बैठक संपते, सतरंजी गोळा होते, तेव्हा एखादी मागं रेंगाळते आणि हळूच म्हणते, "ताई, खोकलं की लघवी सुटते." दुसरी म्हणते, "खाली जड जड वाटतं, काहीतरी उतरल्यासारखं." तिसरी नुसतं "अंग येतंय" म्हणून खाली बघते. ही तीन निरनिराळी दुखणी वाटतात, पण बहुतेक वेळा तिघींचं मूळ एकाच जागी असतं. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडलेले असतात.

हे फक्त आपल्यालाच होतं, असं प्रत्येकीला वाटतं. तसं नाही. गडचिरोलीच्या डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या 650 बायकांची तपासणी केली. तो अभ्यास 1989 साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आला. शंभरातल्या 92 जणींना खालचं काही ना काही दुखणं निघालं, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या शंभरात फक्त 8. त्यात पांढरं जाणं, पाळीचे त्रास, जंतुसंसर्ग असं सगळंच मोजलं होतं, नुसतं अंग येणं नव्हे. पण बायका किती काय गप्प राहून सोसतात, ते त्या आकड्यांतून साऱ्या जगाला कळलं.

आता हे स्नायू म्हणजे काय ते बघू. अंगणातली बाज डोळ्यांसमोर आणा. पुढच्या बाजूला जांघेच्या वरचं हाड आणि मागं माकडहाड, यांच्यामध्ये हे स्नायू बाजेसारखे विणलेले असतात. वर लघवीची पिशवी, गर्भपिशवी आणि गुदाशय टेकलेले असतात. लघवीची, बाळंतपणाची आणि शौचाची अशा तिन्ही वाटा याच विणीतून खाली येतात. बाज ताठ असली की वरचं सामान जागेवर राहतं आणि वाटाही घट्ट मिटतात. बाजेला झोळ आला की सामान खाली सरकतं, आणि खोकला, शिंक, हसू आलं की लघवीची वाट उघडते.

झोळ का येतो? बाळंतपण हे पहिलं कारण. फार लांबलेलं, फार मोठ्या बाळाचं किंवा लागोपाठ झालेलं बाळंतपण असलं तर जास्तच. मग सव्वा महिना व्हायच्या आत उचललेला हंडा. पंधरा लिटरची घागर म्हणजे पंधरा किलो, भांड्याचं वजन वेगळं. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्याचं कौतुक देशभर झालं; पण टाकीपासून घरापर्यंत ते बाईच्याच डोक्यावरून आलं. जुनाट खोकला, चुलीचा धूर, शौचाला कुंथणं यानंही तळावर रोजचा दाब पडतो. पाळी गेल्यावर तर स्नायू आपोआपच नरम पडतात.

बाज सैल झाली म्हणून आपण ती टाकून देत नाही. पायथ्याची दोरी ओढून पुन्हा ताणतो. स्नायूंचंही तसंच आहे. अमेरिकेतल्या अर्नोल्ड केगेल नावाच्या डॉक्टरांनी 1948 साली हा व्यायाम लिहून मांडला, म्हणून त्याला केगेल व्यायाम म्हणतात. त्यानंतर जगभर त्याची पारख झाली. खोकताना-शिंकताना लघवी सुटणाऱ्या बायकांवरचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा व्यायाम करणाऱ्या शंभरातल्या 56 जणींनी त्रास गेला असं सांगितलं. न करणाऱ्यांत अशा शंभरात फक्त 6 निघाल्या. बिनपैशाच्या औषधाला याहून जास्त काय पाहिजे?

आता नीट ऐका, कारण हा व्यायाम सोपा आहे पण चुकीचा फार केला जातो.

आधी स्नायू सापडला पाहिजे. पाय दुमडून उताण्या पडा. चारचौघांत बसलोय आणि वायू सरेल असं वाटतंय, तेव्हा आपण मागची वाट जशी आवळून धरतो तशी आवळा. त्याच वेळी लघवी रोखून धरल्यासारखं पुढूनही आवळा. दोन्ही मिळून आत आणि वर खेचल्यासारखं वाटलं पाहिजे, जणू जमिनीवरचा पदर चिमटीत धरून वर उचलला. पोट, मांड्या आणि ढुंगण सैलच राहिलं पाहिजे. श्वास रोखायचा नाही. हळू आवाजात आकडे मोजा, म्हणजे श्वास आपोआप चालू राहतो. बरोबर होतंय का ते बघायचं असेल तर हात स्वच्छ धुऊन बोट दोन वाटांच्या मधल्या जागेवर हलकं ठेवा. आवळल्यावर ती जागा आत ओढली गेली तर बरोबर. बोट बाहेर ढकललं गेलं तर तुम्ही कुंथताय, थांबा. कुंथल्यानं झोळ वाढतो.

जमलं की पाच आकडे होईपर्यंत धरा आणि तितकाच वेळ पूर्ण सोडा. सोडणंही व्यायामाचाच भाग आहे, ते विसरू नका. सुरुवातीला दोन-तीन आकडेच धरता आले तरी चालेल, हळूहळू दहापर्यंत जा. असं आठ ते दहा वेळा. शेवटी पाच-सहा वेळा झटकन आवळून झटकन सोडा. हे सगळं सकाळ, दुपार, रात्र असं तीनदा, आणि किमान तीन महिने. पंधरा दिवसांत गुण आला नाही म्हणून सोडून देणाऱ्या खूप असतात. पेरल्यावर सोयाबीनलाही शंभरेक दिवस लागतातच की.

पहिले काही दिवस पडून, मग बसून, मग उभ्यानं करा. बसून जमायला लागलं की कुणाला दिसत नाही, कळत नाही. भाकरी थापताना करा, एसटीत करा, गटाचा हिशोब वाचून दाखवताना करा. मात्र लघवी करताना धार मधेच तोडून रोज व्यायाम करू नका. त्यानं पिशवी पूर्ण रिकामी न होण्याची सवय लागते.

एक युक्ती लगेच उपयोगाला येते. खोकला किंवा शिंक येतेय असं वाटलं, घागर उचलायची आहे, मोळी डोक्यावर घ्यायची आहे, तर त्याच्या क्षणभर आधी खालून आवळून धरा आणि मग उचला. म्हैस दावं तोडायच्या आधी दावं घट्ट करावं तसं.

काही जणींना खोकल्यानं नाही, पण लघवीची कळ एकदम येते आणि संडासापर्यंत पोहोचेपर्यंत कपडे ओले होतात. त्यासाठीही हाच व्यायाम उपयोगी पडतो. कळ आली की पळू नका, जागीच थांबून चार-पाच वेळा आवळा, कळ ओसरली की चालत जा. लघवीच्या दोन वेळांमधलं अंतर दर आठवड्याला पंधरा मिनिटांनी वाढवा. आणि शेतात आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणीच न पिणं सोडा. लघवी घट्ट झाली की कळ जास्त येते, शौचाला खडा होतो, मग कुंथणं आलंच.

बाळंतिणीच्या पोटाला घट्ट कपडा बांधायची आपल्याकडे रीत आहे. आधार वाटतो म्हणून सैलसर बांधला तर ठीक, पण कपड्यानं तळाचे स्नायू बळकट होत नाहीत. साधी बाळंतीण झाली असेल तर दुखत नसेल तितपत हलकं आवळणं-सोडणं काही दिवसांतच सुरू करता येतं. सव्वा महिना वजन न उचलण्याची आपल्या आज्यांची रीत मात्र सोन्यासारखी आहे, ती मोडू नका.

आता पैशांचं. अंग बाहेर येतंय म्हटलं की "पिशवी काढून टाका" हा सल्ला पटकन मिळतो. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचा प्रश्न गाजला, तेव्हा 2019 साली सरकारनं समिती नेमली. तपासणी झालेल्या 82,309 बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे सहातली एक. सगळ्यांचं कारण अंग येणं नव्हतं. पाळीचा त्रास होता, पांढरं जाणं होतं, कॅन्सरची भीती घातलेली होती. उचल घेऊन टोळीबरोबर जाणाऱ्या बाया आपल्याकडंही आहेत, म्हणून सांगते. पिशवी काढल्यानं बाज ताणली जात नाही, बाजेवरचं एक गाठोडं कमी होतं एवढंच. पुढं लघवीची पिशवी किंवा योनीचा वरचा भाग खाली उतरू शकतो. पिशवीबरोबर अंडाशयही काढलं तर पाळी जाण्याचे सगळे त्रास अवेळी मागं लागतात आणि हाडं ठिसूळ होतात.

अंग थोडं उतरलं असेल आणि बाहेर डोकावत नसेल, तर साधारण चार महिने नेमानं व्यायाम केल्यावर जडपणा बराच कमी होतो. जास्त उतरलं असेल तर डॉक्टर योनीत सिलिकॉनची रिंग बसवून देतात. ती काढता-घालता येते आणि ऑपरेशन टळू किंवा लांबू शकतं. पूर्ण बाहेर आलेलं अंग व्यायामानं आत जाणार नाही. तिथं ऑपरेशन लागू शकतं आणि ते नीट झालं तर सुख लागतं. म्हणून ऑपरेशनसाठी गटाकडं कर्जाचा अर्ज आला, तर हप्ता ठरवण्याआधी त्या बाईला विचारा: दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं का? रिंगबद्दल कुणी सांगितलं का? व्यायाम करून पाहिला का?

दाखवायला नांदेडला विष्णुपुरीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. स्त्रीरोग विभागाचा केसपेपर काढा आणि "मला फिजिओथेरपीकडं पाठवता का?" असं स्वतःहून विचारा. न विचारता क्वचितच कुणी पाठवतं. फिजिओथेरपी म्हणजे नुसता गुडघ्याचा शेक नव्हे. शिकलेली थेरपिस्ट हातमोजा घालून, तुमची परवानगी घेऊन, स्नायू किती आवळतो ते बोटानं तपासते. बाई तपासणारी हवी असं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे, नको म्हणायचाही आहे.

काहींचे स्नायू सैल नसतात, उलट सतत ताठ असतात. संबंधाच्या वेळी दुखतं, लघवी अडखळत होते. अशांनी आवळण्याचा व्यायाम केला तर दुखणं वाढतं. त्यांना पोटातून सावकाश श्वास घेऊन खालचं सैल सोडायला शिकावं लागतं, म्हणून दुखत असेल तर आधी तपासून घ्या.

आणि पुढच्या गोष्टी दिसल्या तर व्यायामावर दिवस काढू नका: लघवीतून रक्त, पाळी गेल्यावर पुन्हा रक्तस्राव, आगआग आणि ताप, लघवी तुंबणं, बाहेर आलेल्या अंगाला जखम. अवघड बाळंतपणानंतर रात्रंदिवस लघवी थेंबथेंब गळत असेल तर आत भोक पडलेलं असू शकतं. ते शिवावं लागतं.

आमच्या एका मावशीनं विचारलं होतं, "साठी उलटली माझी, आता काय आवळायचं?" मावशी, गुडघ्याच्या व्यायामाला वय लागत नाही, तसं यालाही नाही. स्नायू साठीतही बळकट होतो, फक्त जरा जास्त दिवस लागतात. आज रात्री आडवं पडल्यावर आठ वेळा करून बघा. किती आकडे धरता आले ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, महिन्यानं पुन्हा मोजा.