दूरभिंगाची जोडनळी

नाशिकहून निफाडच्या बाजूस गेलें म्हणजे गोदावरी व कादवा यांच्या संगमाशीं नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा लागतो. त्याच्या मागें पसरलेलें उथळ पाणी आणि गाळाचीं बेटें यांमुळें हिंवाळ्यांत तेथें दूरदेशींचे पक्षी उतरतात. रामसर करारान्वयें मान्यता पावलेलें हें महाराष्ट्रांतील पहिलें पाणथळ होय. छायाचित्रें घेऊं इच्छिणाऱ्या गृहस्थाची अडचण एवढीच कीं, पक्षी पलीकडे आणि हा कांठावर. जवळ जावें तर थवा उडतो. उडालेल्या थव्याचें चित्र पुष्कळ वेळां आपल्याच अविचाराचें चित्र असतें. मोठें दूरभिंग घ्यावें तर त्याचें वजन तीन किलोच्या घरांत, आणि किंमत विचारूंच नये!

अलीकडे हलकीं दूरभिंगें निघालीं आहेत. निकॉनचें २०१५ सालचें ३०० मिलिमीटरांचें, एफ/४ मापाचें भिंग अवघें ७५५ ग्रॅम भरतें. दीपगृहांच्या भिंगांमुळें प्रसिद्धीस आलेल्या फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाचें नांव त्यांतील एका कांचेस दिलेलें आहे. अशा भिंगास टेलिकन्व्हर्टर जोडण्याचा मोह सहजच होतो.

टेलिकन्व्हर्टर म्हणजे कॅमेरा व भिंग यांच्यामध्यें बसविण्याची कांचांची आखूड नळी. भिंगानें पाडलेल्या प्रतिमेचा मधला भाग ती मोठा करते. १·४ पटीच्या नळीनें ३०० चे ४२० होतात, दुपटीच्या नळीनें ६००. परंतु भिंगाचें तोंड तेवढेंच राहतें आणि तोच प्रकाश मोठ्या प्रतिमेवर पसरतो. म्हणून पहिलीनें प्रकाश निम्मा होतो, दुसरीनें चतुर्थांश. सूर्योदयाच्या सुमारास जेथें सेकंदाचा हजारावा भाग पुरला असता, तेथें दुपटीच्या नळीस अडीचशेवा भाग लागतो, आणि तेवढ्यांत घिरट्या घालणाऱ्या दलदल ससाण्याचे पंख पुसट होतात. संवेदनक्षमता वाढविली तर चित्रांत रवा उठतो. शिवाय मूळ भिंगाचे दोषही त्याच पटीनें मोठे दिसतात. म्हणून हलक्या भिंगास १·४ ची नळीच शोभते. कॅननचें २०२० सालचें ६०० मिलिमीटरांचें हलकें भिंग मुळांतच एफ/११ चें. त्यास दुपटीची नळी लावली कीं एफ/२२ होतें. त्यानें डोंगर टिपावेत, उडते पक्षी नव्हेत.

एक लाभ मात्र बहुधा ध्यानांत येत नाहीं. भिंग जितक्या जवळचें स्पष्ट पाहूं शकतें, तें अंतर नळीनें बदलत नाहीं. वरील भिंगास तें १·४ मीटर आहे. तेव्हां लव्हाळ्यावरचा चतुर न उडतां मोठा मिळतो.

प्रत्येक नळी प्रत्येक भिंगास बसत नाहीं. कांहींची पुढची कांच बाहेर डोकावते व भिंगाच्या मागील कांचेस लागण्याची भीति असते. बळ करूं नये. ऊन चढल्यावर पाण्यावरची हवा थरथरूं लागते, तेव्हां तर नळी ती थरथरच मोठी करून दाखविते.

विकत घेण्यापूर्वीं एकच पक्षी नळीसह व नळीविना, त्याच उजेडांत टिपावा. नळीविना घेतलेलें चित्र संगणकावर तितकेंच मोठें करून दोन्हीं शेजारीं ठेवावींत. पिसांची रेघ न् रेघ नळीच्या चित्रांत अधिक दिसली, तरच दुकानाची पायरी चढावी.