शिवेवरून शिवेवर

सुरगाण्याच्या पश्चिमेला आणि उत्तरेला गुजरात लागतो. एका अंगाला धरमपूरचा मुलूख, दुसऱ्या अंगाला डांग. सरकारी नकाशात इथे राज्याची हद्द आहे, पण कोकणा आणि वारली माणसांच्या सोयरिकी, बाजार आणि देवदेवस्की या हद्दीला कधी अडल्या नाहीत. १९२२ साली याच वाटांवरून एक देवी चालत गेली. तिला सलाबाई म्हणत.

सुरुवात पालघरच्या किनाऱ्यावर, मासेमारांच्या वस्त्यांत झाली. देवीच्या रोगाची साथ शमावी म्हणून पूजा मांडली गेली, काहींच्या अंगात वारं आलं. रोगाची देवी गावात ठेवून घेत नाहीत. तिचा मान करायचा आणि तिला शिवेपलीकडे पोचवायचं. मग पुढचं गाव तिचा मान करतं आणि पुढच्या शिवेवर सोडतं. अशी ती डोंगर चढून धरमपूर, सुरगाणा आणि डांगात पोचली. नोव्हेंबरात सुरत जिल्ह्यात आणि बडोदा संस्थानातल्या व्यारा-सोनगडकडे हजारो आदिवासी जमून तिचे हुकूम ऐकत होते. ना पत्रक, ना पुढारी, ना पक्ष. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ सालच्या आपल्या ग्रंथात हा सारा प्रवास गावोगावच्या म्हाताऱ्यांना विचारून उभा केला आहे.

वाटेत देवीचं बोलणं बदलत गेलं. रोगाचं नाव मागे पडलं आणि हुकूम आले: दारू-ताडी सोडा, मांस-मासळी सोडा, रोज अंघोळ करा, पारशी दारूवाल्याच्या कामाला जाऊ नका. हा शेवटचा हुकूम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने घरी मोहाची दारू गाळणं गुन्हा ठरलं होतं. जी दारू लग्नात, मयताला, देवापुढे लागायची, ती आता परवान्याच्या दुकानातून विकत घ्यावी लागे. दक्षिण गुजरातेत दुकानदारच अनेकदा सावकार, जमीनदारही तोच. पेला खाली ठेवला की कर्जाच्या आणि वेठीच्या गाठीवरच घाव बसत होता. याला निव्वळ अंधश्रद्धा म्हणणं या माणसांवर अन्याय करणारं आहे.

पण इतक्या माणसांनी एकदम दारू सोडली कशी? याचा एक धागा दूरच्या एका अभ्यासात सापडतो. १९४३ साली ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी अमेरिकेतल्या आयोवात संकरित मक्याचा प्रसार अभ्यासला. नव्या बियाण्याची बातमी शेतकऱ्यांना बहुधा विक्रेत्याकडून कळे, पण पेरायचं धाडस ते शेजाऱ्याचं पाहून करत. समाजशास्त्रज्ञ डेमन सेंटोला यांनी पुढे दाखवलं की बातमी एका ओळखीवरही पसरते. वागणूक बदलायला मात्र आजूबाजूच्या अनेकांनी आधी बदललेलं दिसावं लागतं. एकट्याने दारू सोडली तर लग्नाच्या मांडवात तोच परका ठरतो. सलाबाईने ती अडचणच ठेवली नाही. हुकूम साऱ्या गावाला एकदम होता, मोडला तर कोपही साऱ्यांवर. घरोघरी कोंबड्या-बकऱ्या विकलेल्या, सोडून दिलेल्या दिसत होत्या, म्हणजे शेजारी खरंच बदललाय याचा पुरावा डोळ्यांसमोर होता.

गुजरातेत उतरल्यावर देवीच्या तोंडी गांधींचं नाव आलं, चरखा आला. गांधींनी कुणालाच पाठवलं नव्हतं. लोकांनीच त्यांना आपल्या देवीशेजारी बसवलं. काँग्रेसचे कार्यकर्ते नंतर पोचले, आणि मग त्यांना कळलं की दारूबंदीचं काम आधीच सुरू झालंय.

वारं ओसरल्यावर पुष्कळ गावं जुन्या खाण्यापिण्याकडे परतली. चौधरी आदिवासींमध्ये तर दोन तट पडले: व्रत पाळणारे ते वरजेला, सोडणारे ते सरजेला. व्यारा-बारडोलीकडे गांधींचे कार्यकर्ते वेडछीसारख्या आश्रमांत कायमचे राहिले, त्यांनी शाळा चालवल्या, सूतकताई शिकवली. तिथे बदल जास्त टिकला. डांगात तेव्हा असं कुणी येऊन राहिलं नाही, आणि दारूची दुकानं पुन्हा चालू लागली.