सोन्याला नाही जमलं, ते तांब्याला जमलं!

सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडलं की फस्सकन बुडबुडे येतात ना? तो कार्बन डायऑक्साइड. आपण श्वास सोडतो त्यात तोच, मोटारीच्या धुरात तोच आणि कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्राच्या धुराड्यातूनही तोच. हवेत तो वाढत चाललाय आणि त्यामुळे पृथ्वी तापतेय, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

आता गंमत ऐका. हाच वायू पाण्यात विरघळवायचा, त्यात थोडा क्षार घालायचा, तांब्याचा पत्रा बुडवायचा आणि वीज सोडायची. पत्र्यावरून बुडबुडे निघू लागतात. पण त्यांत चक्क मिथेन आणि इथिलीन असतात! मिथेन म्हणजे गोबरगॅसमधला जळणारा वायू. आणि इथिलीन? आढीत घातलेले आंबे हाच वायू सोडतात आणि त्यानंच पिकतात. प्लॅस्टिकच्या पिशव्याही इथिलीनपासूनच बनतात.

ही करामत शोधली जपानमधल्या चिबा विद्यापीठात, योशिओ होरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांनी एकेक धातू घेऊन तपासला. १९८५ साली त्यांचे निष्कर्ष छापून आले. सोनं आणि चांदी कार्बन मोनॉक्साइडवरच थांबली. कथिलानं, म्हणजे पितळी भांड्यांना कल्हई करतात त्या धातूनं, फॉर्मिक आम्लाचा क्षार बनवला. काही मुंग्या चावल्या की आग होते ना, ती याच आम्लामुळे. मिथेनपर्यंत चांगली मजल मारली ती फक्त तांब्यानं. तांब्यावर इथिलीनही बनतं, हे त्याच गटानं पुढे दाखवून दिलं.

असं का? कार्बन डायऑक्साइडच्या रेणूत एका कार्बनला दोन ऑक्सिजन घट्ट धरून बसलेले असतात. त्यांना सोडवायला ऊर्जा लागते. ती पुरवते वीज. पण नुसती वीज सोडली तर बरीचशी वाया जाते. इथे मदतीला येतो उत्प्रेरक. डोंगरापलीकडच्या गावी जायला घाट चढून उतरावं लागायचं, तिथे बोगदा झाला तर वाट किती सोपी होते! उत्प्रेरक अभिक्रियेसाठी असाच बोगदा खणतो आणि स्वतः मात्र संपून जात नाही.

आता तांब्याच्या पृष्ठभागावर अगदी जवळून नजर टाकू या. कार्बन डायऑक्साइडचा एक ऑक्सिजन सुटतो आणि कार्बन मोनॉक्साइड उरतो. सोनं त्याला लगेच सोडून देतं. प्लॅटिनम त्याला इतकं घट्ट पकडतं की पुढे काही घडतच नाही. तांबं मात्र त्याला बेतानं धरतं. तेवढ्यात शेजारी दुसरा येतो, दोघे जोडले जातात, पाण्यातून हायड्रोजन मिळतो आणि तयार होतं इथिलीन. त्याच्या एका रेणूसाठी तब्बल १२ इलेक्ट्रॉन लागतात!

मग कारखाने का नाही भरले या यंत्रांनी? कारण तांबं एकच पदार्थ बनवून थांबत नाही. २०१२ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी मोजले, तर तांब्यावर १६ वेगवेगळे पदार्थ सापडले. शिवाय बरीच वीज नुसता हायड्रोजन बनवण्यात जाते. हवा तोच पदार्थ मिळावा आणि तांबं वर्षानुवर्षं टिकावं, म्हणून जगभर संशोधन चालू आहे. आणखी एक महत्त्वाची गोष्ट: वीज सूर्याची किंवा वाऱ्याचीच हवी. कोळसा जाळून केलेली वीज वापरली, तर जितका कार्बन डायऑक्साइड संपेल त्याहून जास्त हवेत जाईल.

विजेनं रेणू कसे सुटतात, हे तुम्हीही पाहू शकता. पेल्यातल्या पाण्यात चमचाभर खायचा सोडा विरघळवा. दोन पेन्सिलींना दोन्हीकडून टोक करा. त्यांची वरची टोकं तारांनी ९ व्होल्टच्या बॅटरीला जोडा, खालची पाण्यात एकमेकींपासून दूर ठेवा. बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेल्या पेन्सिलीजवळ येतात ते बुडबुडे हायड्रोजनचे. प्रयोग मोठ्या माणसांसोबत, खिडकी उघडी ठेवून करा. जवळ काडी पेटवू नका. मीठ घालू नका, त्यातून विषारी क्लोरीन निघतो. आणि घरातल्या विजेच्या प्लगला तार कधीही, कधीही लावू नका!