तज्ज्ञांची साक्ष

मृत्युपत्रावरील सही खरी कीं बनावट, भिंतीस तडा गेला तो जुन्या पायामुळें कीं शेजाऱ्याच्या खोदकामामुळें, असले प्रश्न घरांत एकदां निघाले म्हणजे कोर्टाची पायरी फारशी दूर राहत नाहीं. मग एखादा मोठा पदवीधर साक्षीस उभा केला कीं दावा जिंकलाच, अशी पुष्कळ सुशिक्षितांचीहि समजूत असते. ती भ्रामक आहे.

साक्षीदारानें पाहिलें, ऐकलें तेवढेंच सांगावें, मत देऊं नये, हा सामान्य नियम. तज्ज्ञ हा त्यास अपवाद. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याचें ४५ वें कलम याचसाठीं होतें. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमांत तेंच ३९ वें झालें आहे. संशयित लेख लिहिणाराच्या इतर हस्तलेखाशीं ताडून पाहावा, हें तर याज्ञवल्क्यानेंच सांगून ठेविलें आहे.

तज्ज्ञांची खरी कसोटी पाहावयाची तर ढाका जिल्ह्यांतील भवाल जमीनदारीचा दावा पाहावा. तेथील मधला कुमार रमेंद्र नारायण राय १९०९ सालीं दार्जिलिंग येथें वारला असें मानलें गेलें होतें. पुढें बारा वर्षांनीं एक संन्यासी ‘तो मीच’ असें म्हणूं लागला, आणि १९३० सालीं त्यानें दिवाणी दावा लावला. दोन्ही पक्षांचे मिळून दीड हजारांवर साक्षीदार झाले. कुमाराचें दुखणें पित्ताशयांतील खड्यांचें होतें कीं सोमलाचें, घोट्यावरील व्रण तोच काय, मनुष्याची पूर्वस्मृति अशी जाऊं शकते काय, या एकेका मुद्द्यावर विद्वान परस्परांविरुद्ध उभे! छायाचित्रें तींच; पण एक कलावंत म्हणे दोघे एकच, दुसरा म्हणे भिन्न. न्यायाधीश पन्नालाल बसू यांनीं हीं मतें अंगावरील खुणा, आप्तांनीं दिलेली ओळख यांच्याशीं ताडून पाहिलीं, आणि २४ ऑगस्ट १९३६ रोजीं वादी हाच कुमार असा निर्णय दिला. प्रीव्ही कौन्सिलनें १९४६ सालीं तो कायम केला.

तज्ज्ञाचें मत न्यायाधीशावर बंधनकारक नसतें. गणिताच्या तासाला नुसतें उत्तर लिहून रीत न दाखविणाऱ्या मुलास मी गुण देत नसें. उलटतपासणींत वकील तज्ज्ञास हीच रीत विचारतो. कोणतें अक्षर, कोणतें वळण, कोठें लेखणी थांबली, हें ज्यास दाखवितां येत नाहीं, त्याच्या पदव्यांचा उपयोग थोडाच.

म्हणून पक्षकारानें सहीच्या तपासणीस मूळ कागद द्यावा, नक्कल नव्हे. आणि ताडून पाहण्यास निर्विवाद व शक्यतों त्याच काळांतील लेखन द्यावें. विशींतील सहीवरून सत्तरींतील कांपऱ्या हाताची परीक्षा कशी व्हावी? आपल्यास प्रतिकूल असा कागदहि तज्ज्ञापासून लपवूं नये. प्रतिपक्ष तो भर कोर्टांत काढतोच. वडिलांच्या जमाखर्चाच्या वह्या रद्दींत घालण्यापूर्वीं चाळून पाहाव्या. त्यांतील एखाद्या पानावर पुढें सगळा दावा अवलंबून असावयाचा.