घरच्या स्टुडिओला किती पोर्टचा मिडी इंटरफेस लागतो? ८, ४ की फक्त १?

घरात एक मास्टर कीबोर्ड, एक जुना सिंथ, एक साउंड मॉड्यूल, एक ड्रम मशीन आणि कोपऱ्यात ऑक्टापॅड. हे सगळं कॉम्प्युटरला जोडायचं म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो, "मल्टी-पोर्ट मिडी इंटरफेस घेऊन टाक."

मग शोधाशोध सुरू होते आणि समोर येतात ४ बाय ४, ८ बाय ८, १२८ चॅनल असे आकडे. पोर्ट वाढले की किंमतही वाढते. बरेच जण घरातली वाद्यं मोजतात आणि तेवढ्या पोर्टचा डबा मागवतात. पण वाद्यांची संख्या आणि लागणारे पोर्ट हे दोन वेगळे आकडे आहेत. कसे, ते पाहू.

मिडीच्या केबलमधून नक्की जातं काय?

जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नॅम प्रदर्शनात सिक्वेन्शिअल सर्किट्सचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ हे दोन सिंथ मिडीने जोडून दाखवले गेले. कंपन्या वेगळ्या, पण एकावर वाजवलं की दुसराही वाजायचा. तिथून मिडी जगभर पसरलं.

या केबलमधून आवाज जात नाही, फक्त सूचना जातात. कोणती पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली, एवढंच. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात ज्याच्याशिवाय पान हलत नाही, तो ऑक्टापॅड आठवा. १९८५ चा पहिला ऑक्टापॅड, म्हणजे रोलँडचा पॅड-८, त्याला स्वतःचा आवाजच नव्हता. काठी पडली की तो मिडीवरून दुसऱ्या मशीनला निरोप द्यायचा आणि आवाज त्या मशीनमधून यायचा.

याचा खिशाशी थेट संबंध आहे. आठ पोर्टचा मिडी इंटरफेस आणला, तरी वाद्यांचा आवाज रेकॉर्ड करायला ऑडिओ इनपुट वेगळे लागतातच. तुमच्या ऑडिओ इंटरफेसला दोनच इनपुट असतील, तर पैसे आधी कुठे घालायचे याचा विचार करावा लागेल.

एका पोर्टमध्ये किती मावतं?

एका मिडी पोर्टवर १६ चॅनल असतात. म्हणजे एकाच केबलवरून १६ वेगवेगळ्या आवाजांना सूचना देता येतात. मग एवढे पोर्ट हवेत कशाला?

कारण आहे वेग. पाच पिनांच्या मिडी केबलचा वेग १९८३ पासून तोच आहे, सेकंदाला ३१,२५० बिट. एक सूर वाजवण्याची सूचना पोहोचायला जवळपास १ मिलिसेकंद लागतो आणि सूचना एकामागून एकच जातात. चॅनल १६ असले तरी रस्ता एकपदरीच.

समजा, एकाच केबलवर चार वाद्यं आहेत आणि समेवर चौघांनाही चार-चार सुरांचा कॉर्ड वाजवायचा आहे. १६ सूचना म्हणजे साधारण १५ मिलिसेकंद. पहिला सूर वेळेवर येतो, शेवटचा तेवढा मागे पडतो. प्रत्येक वाद्याला वेगळा पोर्ट दिला, तर चारही रांगा एकाच वेळी सरकतात आणि काम ४ मिलिसेकंदांत आटोपतं. मल्टी-पोर्ट इंटरफेसचा खरा फायदा हा आहे. ताल ढिला वाटतो आणि वादकाला बोल लागतो, पण गर्दी केबलमध्ये असते, असं होऊ शकतं.

आवाजांचा बॅकअप घेताना ही गर्दी आणखी स्पष्ट दिसते. यामाहा डीएक्स-७ चे ३२ आवाज एकदम पाठवायचे तर ४,१०४ बाइट जातात. त्याला सुमारे १.३ सेकंद लागतात आणि तोवर त्या पोर्टवरचे बाकीचे सूर ताटकळतात.

मग थ्रू पोर्ट वाईट का?

अजिबात नाही. अनेक वाद्यांच्या मागे 'थ्रू' लिहिलेलं भोक असतं. इनमध्ये आलेला निरोप ते तसाच पुढच्या वाद्याला देतं. जुन्या पद्धतीच्या थ्रूमुळे होणारा उशीर कानाला कळणार नाही इतका कमी असतो. अडचण दोन ठिकाणी येते. एक, साखळी फार लांबली तर सिग्नल बिघडून सूर गळू शकतात. दोन, साखळीतली सगळी वाद्यं त्याच एकपदरी रस्त्यावर असतात.

म्हणून कधीतरी वाजणारी, मोजके सूर घेणारी दोन वाद्यं थ्रूने खुशाल जोडा. ड्रम मशीनला मात्र स्वतंत्र आउट द्या.

आता मोजणी

कागद घ्या आणि प्रत्येक वाद्यापुढे दोन प्रश्न लिहा. मी हे वाजवून कॉम्प्युटरमध्ये नोंद करणार आहे का? कॉम्प्युटर याला वाजवणार आहे का? पहिल्याचं उत्तर 'हो' असेल तर इंटरफेसचा एक इन लागतो, दुसऱ्याचं 'हो' असेल तर एक आउट. लक्षात ठेवा, वाद्याचा आउट इंटरफेसच्या इनमध्ये जातो.

सुरुवातीच्या पाच वाद्यांचा हिशेब असा:

- मास्टर कीबोर्ड: यूएसबीने थेट कॉम्प्युटरला, पोर्ट शून्य
- जुना सिंथ: १ इन, १ आउट
- साउंड मॉड्यूल: १ आउट
- ड्रम मशीन: १ आउट
- ऑक्टापॅड: १ इन

वाद्यं पाच, गरज २ इन आणि ३ आउटची. ८ बाय ८ चा डबा इथे निम्म्याहून जास्त रिकामा राहील. एखादं वाद्य पुढे येणार हे धरून ४ बाय ४ पुरेसा आहे.

डब्यावरचे आकडे कसे वाचायचे?

'१२८ चॅनल' म्हणजे ८ पोर्ट गुणिले १६, त्यात वेगळी जादू नाही. '१६ पोर्ट' लिहिलं असेल तर ते ८ इन आणि ८ आउट मिळून तर नाहीत ना, हे तपासा. इन आणि आउटची संख्या सारखीच असते असंही नाही. आयकनेक्टिव्हिटीच्या मिओ-एक्सएलला पाच पिनांचे ८ इन आणि १२ आउट आहेत, त्याच घरातल्या मिओ-एक्सएमला ४ आणि ४.

नवी छोटी वाद्यं पाच पिनांऐवजी ३.५ मिलिमीटरचा जॅक देतात. त्यात 'टाइप ए' आणि 'टाइप बी' अशा दोन जोडण्या आहेत. २०१८ मध्ये टाइप ए प्रमाण ठरला, पण टाइप बीची वाद्यं अजून वापरात आहेत. अडॅप्टर घेताना वाद्याचं मॅन्युअल बघा.

तुमच्या वाद्याला फक्त यूएसबी असेल आणि ते कॉम्प्युटरशिवाय दुसऱ्या वाद्याशी जोडायचं असेल, तर 'यूएसबी होस्ट' असलेला इंटरफेस लागतो. स्टेजवरही वापरणार असाल, तर कॉम्प्युटर बंद असताना तो चालतो का, हे विचारून घ्या.

ड्रायव्हरचा मुद्दा सोडू नका

मिडी इंटरफेस दहा-पंधरा वर्षं सहज टिकतो. ऑपरेटिंग सिस्टिम तेवढी थांबत नाही. २००२ मध्ये ॲपलने एमॅजिक ही कंपनी घेतली आणि तिची विंडोजवरची उत्पादनं बंद केली. ज्यांच्याकडे तिचे इंटरफेस आणि विंडोज होतं, त्यांचा डबा ठणठणीत होता, पण नव्या ड्रायव्हरची वाट बंद झाली.

म्हणून 'क्लास कंप्लायंट' हे शब्द शोधा. असा इंटरफेस कंपनीच्या खास ड्रायव्हरशिवाय चालतो. सेकंडहँड घेताना तर मॉडेलचं नाव आणि तुमची ऑपरेटिंग सिस्टिम एकत्र शोधून मगच पैसे द्या.

मग घ्यायचं काय?

हिशेब १ इन, १ आउटवर आला, तर ऑडिओ इंटरफेसच्या मागे मिडीचे पोर्ट आहेत का ते आधी बघा. बऱ्याच मॉडेलना ते असतात आणि खर्च वाचतो. आउटच कमी पडत असतील आणि सुरांची गर्दी नसेल, तर एकाचे अनेक आउट करणारा थ्रू बॉक्स स्वस्तात पडतो. २ ते ४ वाद्यांना स्वतंत्र रस्ता हवा असेल तर ४ बाय ४. आणि सहा-सात वाद्यं खरोखर एकत्र वाजत असतील तर ८ बाय ८.

डबा घरी आला की परत करायची मुदत संपण्याआधी एक चाचणी करा. त्याचा एक आउट त्याच्याच एका इनला जोडा, सॉफ्टवेअरमधून एकसारखे जलद सूर पाठवा आणि परत आलेले रेकॉर्ड करा. सगळे सूर सारखेच उशिरा आले तर काळजी नाही, तो उशीर सॉफ्टवेअरमध्ये भरून काढता येतो. एक पुढे, एक मागे असे आले, तर आधी मधला यूएसबी हब काढून बघा. तरीही तसंच होत असेल, तर डबा परत करा.